दोन ते पाच वर्षांच्या मुलाचा वाढीचा आलेख घरी कसा ठेवावा आणि कसा वाचावा

पुण्यातल्या बहुतेक घरांत बाळाची एक फाईल जपून ठेवलेली असते. पहिल्या पानावर जन्मवजन, मग लसींच्या तारखा आणि मागच्या बाजूला वाढीचा आलेख. या आलेखावर सुरुवातीला भराभर ठिपके पडतात. दीड वर्षाचे डोस झाले की दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात आणि ठिपकेही थांबतात. पुढचा ठिपका पडतो तो थेट शाळेच्या आरोग्य तपासणीत. मूल पुढे जाऊन जाड होण्याचा धोका आहे का, हे सांगणाऱ्या खुणा मात्र याच मोकळ्या राहिलेल्या जागेत, म्हणजे दोन ते पाच या वयात, सर्वांत स्पष्ट उमटतात. ही जागा घरच्या घरी कशी भरावी आणि तयार झालेली रेषा कशी वाचावी, ते येथे सांगितले आहे.

हे सारे मुलाला ‘डाएट’वर ठेवण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. या वयात वजन उतरवायचे नसते. ते जरा थोपवून उंचीला पुढे जाऊ द्यायचे असते.

बाळसे उतरते तेव्हा

सामान्य वाढीचा क्रम ठाऊक नसेल तर आलेख म्हणजे नुसते ठिपके. तीन किलोच्या आसपास जन्मलेले मूल पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षाचे होता होता तिप्पट आणि दोन वर्षांचे होईपर्यंत जवळपास चौपट वजनाचे होते. उंची जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असते, वर्षाअखेर ७५, तर चार वर्षांच्या आसपास शंभरी ओलांडते. दोन वर्षांनंतर वाढीचा वेग आपोआप मंदावतो आणि मूल वर्षाला साधारण २ किलो वजन व ६ ते ८ सेंटिमीटर उंची मिळवते.

आता उंचीच्या मानाने वजन किती, म्हणजे बीएमआय, हे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यानुसार मुलग्यांचा मधला बीएमआय सहाव्या महिन्यात १७.३ असतो, दोन वर्षांना १६ आणि पाच वर्षांना १५.२. मोठ्या माणसांचे आकडे डोक्यात असतील तर हे विचित्र वाटेल, पण पहिल्या वर्षात चढलेला बीएमआय पुढे काही वर्षे उतरत जातो. गुबगुबीत बाळ उंच होत जाते, पोट आत जाते, फासळ्या थोड्या दिसू लागतात. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान ही उतरती रेषा तळ गाठते आणि पुन्हा वर वळते. या वळणाला डॉक्टर ‘अ‍ॅडिपॉसिटी रिबाउंड’ म्हणतात. हे वळण पाच वर्षांच्या बरेच आधी आले, तर ते मूल किशोरवयात आणि मोठेपणी जाड होण्याची शक्यता वाढते, हे १९८४ पासून अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. लवकर आलेले वळण स्वतः रोग नव्हे. उंचीपेक्षा वजन पुढे धावू लागले आहे, एवढीच ती खूण असते.

आपल्याकडचा घोळ येथेच होतो. ज्या वयात मुलाने सडसडीत व्हायला हवे, नेमक्या त्याच वयात घरातील वडीलधाऱ्यांना ते ‘वाळलेले’ दिसू लागते. ‘बाळसं पार उतरलं गं पोरीचं’ असे आजी म्हणते आणि तिच्या म्हणण्यात माया सोडून दुसरे काही नसते. पण त्या वाक्यानंतर दुधात पावडर येते, पोळीवर साखर-तुपाचा थर येतो आणि शेवटचा घास मोबाइल दाखवून भरवला जातो. शरीर आपल्या वेळापत्रकाने उतरवत असलेले बाळसे आपण पुन्हा चढवू पाहतो.

पुण्याच्या बाळांविषयी एक जास्तीची गोष्ट

या विषयावरचे मोलाचे काम आपल्याच शहरात झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. येथील नवजात बाळांची तुलना त्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. ‘बारीक तरीही मेदयुक्त’ असे हे भारतीय बाळ २००३ च्या शोधनिबंधातून जगासमोर आले. त्याआधी पुण्यातीलच आठ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात असे दिसले होते की, जन्मतः लहान असलेली पण आठव्या वर्षी मोठी झालेली मुले रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती.

दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हेच आणखी नेमके केले. तरुणपणी ज्यांना मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था आढळली, त्यांचा बीएमआय पहिल्या दोन वर्षांत कमीच होता. वळण लवकर आले आणि नंतर रेषा वर सरकत राहिली. यातील बहुतेक मुले लहानपणी ‘लठ्ठ’ या व्याख्येत बसलीच नसती. म्हणून ‘आमचे मूल काही जाड नाही’ एवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही. मूल कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा ते कोणत्या रेषेवरून कोणत्या रेषेकडे चालले आहे, हे पाहायला हवे.

याचा उलटा अर्थ काढून कमी वजनाच्या तान्ह्या बाळाला उपाशी ठेवण्याचा विचारही कोणी करू नये. पहिल्या वर्षात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, अशा बाळाने वजन आणि लांबी दोन्ही भरून काढणे आवश्यकच असते आणि त्यासाठी आईच्या दुधाइतके चांगले काही नाही. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेवरून न मोजता अपेक्षित तारखेवरून मोजावे, नाहीतर ठिपका उगाच खाली पडतो आणि घरात भरवाभरवी सुरू होते.

मोजमाप

आलेख चुकतो तो बहुधा उंचीत. वजनकाटा सगळ्यांकडे असतो, पण उंची अंदाजे घेतली जाते; आणि बीएमआयच्या हिशेबात उंचीचा वर्ग होत असल्याने लहान चूकही मोठी होते. १६.२ किलोच्या मुलाची उंची ९८ सेंटिमीटर असेल तर बीएमआय १६.९ येतो, चुकून ९७ घेतली तर १७.२. एका सेंटिमीटरच्या चुकीने मूल उगाच धोक्याच्या दिशेने सरकते.

दोन वर्षांपर्यंत लांबी आडवे झोपवून घेतात, आणि ते काम दवाखान्यातच करून घ्यावे. हात-पाय झाडणारे बाळ घरी टेपने मोजण्यात अर्थ नाही. दोन वर्षांनंतर उभे करून मोजावे. एकाच मुलाची उभी उंची आडव्या लांबीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते, त्यामुळे दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास उंची ‘घटलेली’ दिसली तर घाबरू नये.

उभ्या उंचीसाठी खालची पट्टी नसलेली सरळ भिंत किंवा दाराची चौकट निवडावी. मूल अनवाणी उभे राहील, टाचा, कुल्ले, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकलेला असेल, नजर समोर असेल आणि डोक्यावर क्लिप, पोनी किंवा अंबाडा नसेल, हे पाहावे. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून डोक्यावर अलगद दाबावे, त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करावी आणि मूल बाजूला झाल्यावर ती खूण स्टीलच्या टेपने मोजावी. मग पुन्हा एकदा सगळे पहिल्यापासून करावे. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे.

वजन नेहमी एकाच डिजिटल काट्यावर, सकाळी शौचानंतर, फक्त चड्डी-बनियनवर घ्यावे. दोन ते पाच या वयात सहा महिन्यांतून एकदा मोजले तरी पुरते, फार तर तीन महिन्यांनी. दर रविवारी वजन करणाऱ्या घरात मुलाच्या वाढीऐवजी आईची चिंताच नोंदली जाते.

ठिपका टाकणे

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागले की बीएमआय मिळतो. तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, वयानुसार बीएमआयचा घ्यावा. मुलींचा आणि मुलग्यांचा वेगळा असतो. त्यावर मध्यरेषा आणि वर-खाली क्रमांक दिलेल्या रेषा असतात. पाच वर्षांखालील मूल +१ आणि +२ या रेषांच्या मध्ये असेल तर त्याला जाड होण्याचा धोका आहे असे धरतात, +२ च्या वर वजन जास्त आणि +३ च्या वर लठ्ठपणा. अंगणवाडीच्या माता-बाल संरक्षण कार्डावरील रंगीत आलेख मुख्यतः वयानुसार वजनाचा असतो आणि त्याचा भर कुपोषण ओळखण्यावर असतो. ते काम महाराष्ट्रात अजूनही फार मोठे आहे. पण जास्त वजनाचे मूल त्यात सहज निसटते.

कसे निसटते, ते माझ्या पुतणीच्या फाईलवरून सांगते. दोन वर्षांची असताना ती ११.५ किलो आणि ८६ सेंटिमीटर होती, म्हणजे बीएमआय १५.५, मध्यरेषेच्या किंचित खाली. तीन वर्षांना १४ किलो आणि ९४.५ सेंटिमीटर, बीएमआय १५.७. साडेतीनला १६.२ किलो आणि ९८ सेंटिमीटर, बीएमआय १६.९. चौथ्या वाढदिवसाला १८ किलो आणि १०१.५ सेंटिमीटर, बीएमआय १७.५. वयानुसार वजनाच्या तक्त्यावर १८ किलो हे +१ च्या रेषेखालीच येते, त्यामुळे कार्डावर ती हिरव्या पट्ट्यात होती, दवाखान्यात ‘छान आहे’ असे ऐकून घरी आली आणि सोसायटीच्या सुदृढ बालक स्पर्धेत तिला बक्षीसही मिळाले. उंचीची वाढ उत्तम होती, वर्षात ७ सेंटिमीटर. पण त्याच वर्षात वजन ४ किलोंनी वाढले होते, अपेक्षेच्या दुप्पट. बीएमआयचे चार ठिपके जोडल्यावर दिसले की, जी रेषा पाच वर्षांपर्यंत सपाट किंवा उतरती असायला हवी होती, ती तिसऱ्या वर्षापासूनच वर चढत होती.

वाचताना एवढेच धरून चालावे. एकटा ठिपका काही सांगत नाही. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने पडलेले तीन ठिपके बरेच काही सांगतात. रेषा मध्यरेषेच्या खाली असली तरी तिला समांतर चालत असेल आणि मूल खेळकर असेल, तर ते त्याचे स्वतःचे शरीर आहे, विशेषतः आई-वडील शिडशिडीत असतील तर. पहिल्या दोन वर्षांत वजन आणि लांबी दोन्ही एकदम वरच्या किंवा खालच्या पट्ट्यात सरकणे अनेकदा आनुवंशिक उंचीशी जुळवून घेणे असते. दोन वर्षांनंतर उंचीची रेषा जागेवर आणि बीएमआयची रेषा मात्र एक पट्टा ओलांडून वर, असे दिसले तर ताटाकडे आणि दिनक्रमाकडे पाहावे.

ताट, पेला आणि झोप

पुण्यातील मध्यमवर्गीय घरात हिशेब बहुतेक वेळा दुधाने बिघडतो. माझ्या पुतणीचेही तसेच होते. सकाळी उठल्यावर एक, बालवाडीतून आल्यावर एक आणि झोपताना एक असे पावशेराचे तीन पेले, पिशवीतले फुल क्रीम दूध, प्रत्येकात दोन चमचे पावडर-साखर. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. पाऊण लिटर अशा दुधातून साधारण ६५० कॅलरी मिळतात आणि वरच्या सहा चमचे गोडाच्या सव्वाशेच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १०१० कॅलरी आहे. पेल्यातच पाऊण दिवसाचे अन्न पोटात गेल्यावर मूल वरण-भाताला तोंड फिरवणारच. मग ‘ही काही खातच नाही’ या काळजीने संध्याकाळी बिस्किटे आणि बेकरीचे पॅटिस येते.

दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आत ठेवावे, पेल्याने द्यावे, बाटली वर्षाच्या सुमारास बंद करावी आणि त्यात साखर, पावडर काही घालू नये. दोन वर्षांखालील मुलाला साय काढलेले दूध मात्र देऊ नये, त्या वयात स्निग्धांश लागतोच. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, फळांचा रसही नको. दोन ते पाच वर्षांत रस द्यायचाच झाला तर दिवसाला १२५ मिलिलिटरहून अधिक नको, असे भारतीय बालरोग अकादमी सांगते. सबंध केळे किंवा चिकू खाल्ले तर कोणतीच अडचण नाही. बोरन्हाणात बोरे, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे असतात तोवर ठीक. हल्ली त्यात चॉकलेटचीच बरसात होते आणि ती पुढे महिनाभर डब्यात पुरते.

भरवण्याची रीत दुधाइतकीच महत्त्वाची आहे. उष्टावणानंतर बाळाला मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची खीर, अंडे असे सारे चाखायला मिळावे, पण किती खायचे ते त्याने ठरवावे. काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे ते मोठ्यांनी ठरवायचे आणि किती खायचे ते मुलाने, ही वाटणी एकदा घरात मान्य झाली की जेवणावरचे निम्मे वाद मिटतात. ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ ही गंमत आहे तोवर छान. मुलाने तोंड मिटून मान वळवली की काऊ-चिऊंनाही उडून जाऊ द्यावे. पोट भरल्याची जाणीव मुलाला उपजत असते आणि मोबाइलसमोर भरवलेल्या प्रत्येक वाटीने ती थोडी बोथट होते.

आमच्या घरी सर्वांत अवघड गेले ते आजीला पटवणे. आकडे दाखवून उपयोग झाला नाही. मग तिला सांगितले, ‘आई, तुझ्याच लहानपणीच्या फोटोत बघ, पाच वर्षांची तू कशी दिसतेस ते.’ परकर-पोलक्यातली ती काटकुळी मुलगी पाहून ती हसली आणि बालवाडीतून आल्यावरचा दुधाचा पेला बंद झाला. पाचव्या वाढदिवसाला पुतणी १९.४ किलो आणि १०८.५ सेंटिमीटर भरली, बीएमआय १६.५. वजन घटले नाही; उंची ७ सेंटिमीटरने वाढत असताना ते फक्त १.४ किलोने वाढले.

खेळ आणि झोप याविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातील तासभर दमवणारी असावी. झोप, दुपारची धरून, १० ते १३ तास असावी आणि पडद्यासमोरचा वेळ तासाभरापेक्षा जास्त नसावा. स्कूटरवर पुढे उभे राहून शाळेत जाणाऱ्या आणि पार्किंग भरलेल्या सोसायटीत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे तीन तास आपोआप जमत नाहीत. रविवारी हनुमान टेकडी किंवा पर्वती गाठावी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चार वर्षांचे मूल कुरकुर न करता चढते, कुरकुर आपली असते. रात्री अकराला मोठ्यांबरोबर झोपणाऱ्या मुलांची झोप कमी भरते, आणि कमी झोपेचा जादा वजनाशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

जास्त खाण्यामुळे वजन वाढलेले मूल सहसा वयाच्या मानाने उंचही असते. वजन वाढत आहे पण उंची मागे पडत आहे, असे दिसले तर थायरॉइड किंवा अन्य संप्रेरकांची तपासणी लागू शकते. अशा वेळी घरी आहार बदलत बसू नये. बीएमआय +२ च्या वर गेला असेल, मूल रात्री जोरात घोरत असेल, मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली पट्टा दिसत असेल, दम्यासारख्या आजारासाठी बराच काळ स्टेरॉइड चालू असेल, किंवा अगदी लहानपणापासून भूक शमतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना आलेखासह भेटावे. रेषा सतत खाली घसरत असेल तरीही तसेच करावे.

पाच वर्षे पूर्ण झाली की तक्ता बदलतो. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे आलेख वापरतात, जे पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने भारतीय मुलांच्या मापांवरून तयार झाले. त्यावरील वरच्या दोन रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जोडलेल्या आहेत, कारण आपल्या लोकांना धोका कमी वजनावरच सुरू होतो. नवा कागद सुरू करताना जुना फेकू नये. त्याच्याच मागे पिन करून ठेवावा, कारण सातव्या-आठव्या वर्षी डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो की रेषा वर कधी वळली.